टॅव्हिसला खेळवू नये, आणि त्याच्या जागी मलाही नाही

प्रति,
मा. डॉ. विल्हेमिना ऑस्टबी,
अधिष्ठाता, विद्यार्थी कल्याण,
कॉर्विन बेंड स्टेट विद्यापीठ,
कॉर्विन बेंड, नेब्रास्का.

विषय : फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक टॅव्हिस प्रूइट यास डोक्याच्या दुखापतीमुळे शनिवारच्या सामन्यात न खेळवणेबाबत, तसेच अर्जदारासही न खेळवणेबाबत.

संदर्भ : १) संघाच्या डॉक्टरांकडे केलेली माझी तोंडी तक्रार.
२) त्यावर क्रीडा विभागाचे उत्तर : “तक्रारदार हा संबंधित खेळाडूच्या जागेचा थेट लाभार्थी असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.”

महोदया,

मी या विद्यापीठात कृषी अर्थशास्त्र शिकतो व फुटबॉल संघाचा राखीव क्वार्टरबॅक आहे. क्रीडा विभागातली सगळी दारे वाजवून झाल्यावर आपल्या दाराशी आलो आहे. आमच्या स्वागतसमारंभात आपण म्हणाला होतात, “मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा खेळाडूंनी माझ्याकडे बिनधास्त यावं.” त्या वेळी सभागृह हसले होते, मीही हसलो होतो. आज मला नेमके अशाच अधिकाऱ्याची गरज आहे.

१. आपण सामने पाहत नाही म्हणून थोडक्यात सांगतो. आमचा हा फुटबॉल मुख्यतः हातांनी खेळतात. प्रत्येक डावाला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि तो पुढे कुणाकडे जायचा हे तोच ठरवतो. बाकीच्या जागांवर माणसे आलटून पालटून येत-जात असतात. या जागेवर तसे होत नाही. संघ एका माणसाभोवती बांधलेला असतो आणि दुसरा, म्हणजे मी, तो पडेपर्यंत कडेला उभा असतो. उभा राहण्याच्या काळात मला एक काम दिलेले आहे. कोच रेनफ्रो कानात डाव सांगतात आणि मी तो हातवाऱ्यांनी टॅव्हिसला कळवतो. कोपराला हात लावला म्हणजे डावीकडून धाव, टोपी मागे केली म्हणजे लांबची फेक, अशा खुणा आहेत. सबंध सामन्यात टॅव्हिसच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहणारा माणूस मैदानावर एकटा मीच असतो. पुढील सर्व हकीकत यावर उभी आहे, म्हणून आधी नमूद केले.

२. टॅव्हिस प्रूइट हा माझा मित्र व खोलीतला सोबती आहे. तो कॅन्ससमधल्या एका लहान गावचा. गावाच्या धान्यकोठारावर लोकांनी त्याचा जर्सीवरचा नऊ नंबर इतका मोठा रंगवला आहे की हमरस्त्यावरून दिसतो. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी दोनदा त्याच्या घरी राहिलो आहे. त्याच्या आई डीनाबाई शाळेच्या खानावळीत काम करतात आणि घरी आल्यावर पुन्हा आमच्यासाठी चिलीचा घट्ट रस्सा आणि दालचिनीचे रोल करतात. टॅव्हिस माझ्यापेक्षा चांगला खेळाडू आहे. हे मी सौजन्य म्हणून लिहीत नाही. त्याचा चेंडू जेथे माणूस पोहोचणार असतो तेथे आधी पोहोचतो, माझा चेंडू माणसाच्या मागे लागतो. आमच्या विद्यापीठाला बाद फेरीत जाण्याची संधी कित्येक वर्षांनी त्याच्यामुळे आली आहे, आणि शनिवारचा सामना जिंकला तर आम्ही जाणार आहोत.

३. ऑक्टोबरमध्ये आपल्याच मैदानावर सामना होता. मध्यंतराच्या थोडे आधी पाठीमागून आलेल्या एका धिप्पाड खेळाडूने टॅव्हिसला आडवे केले. धडक फार मोठी नव्हती, पण पडताना डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटला. तो लगेच उठला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, कारण आमच्याकडे उठला तो बरा असे मानतात. पुढच्या डावासाठी मी कोपराला हात लावला. टॅव्हिसने माझ्याकडे पाहिले, किंचित हसला आणि ओळखीचा माणूस रस्त्याच्या पलीकडे दिसावा तसा हात हलवला.

मी पुन्हा कोपराला हात लावला. त्याने पुन्हा हात हलवला.

शेवटी ऑर्विल नेगने, म्हणजे त्याच्या हातात चेंडू देणाऱ्या मधल्या खेळाडूने, मागे वळून त्याला काहीतरी सांगितले आणि डाव सुरू झाला. उरलेला सामना टॅव्हिस तसाच खेळला. ऑर्विल खूण वाचायचा, त्याला सांगायचा, आणि त्याचे हात त्यांना जे ठाऊक होते ते करायचे. महोदया, अडचण अशी झाली की त्या हातांनी शेवटच्या क्षणी एक अप्रतिम फेक केली आणि आम्ही जिंकलो. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. कपडे बदलण्याच्या खोलीत सगळे त्याच्या नावाने ओरडत असताना तो माझ्या शेजारी बसून बुटाची नाडी सोडत होता. मान वर न करता त्याने हळूच विचारले, “लायल, आपण जिंकलो का रे?”

मला वाटले थट्टा करतोय. मी म्हटले, “तूच तर जिंकून दिलंस.”

“हो का?” तो म्हणाला. “मस्त.” आणि पुन्हा तीच नाडी सोडू लागला. ती आधीच सुटलेली होती.

४. मी दुसऱ्या दिवशी संघाचे डॉक्टर लँगहॉर्स्ट यांना भेटलो. त्यांनी टॅव्हिसला बोलावून चाचणी घेतली व तो व्यवस्थित असल्याचे सांगितले. ही चाचणी अशी असते : हंगामापूर्वी प्रत्येक खेळाडूला काही शब्द ऐकवून पुन्हा म्हणायला लावतात, आकडे उलटे म्हणायला लावतात, संगणकावर खुणा जुळवायला देतात. डोक्याला मार लागला की तेच पुन्हा घेतात आणि आधीच्या निकालाशी ताडून पाहतात. आमच्यातली बरीच मुले उन्हाळ्यातली पहिली चाचणी मुद्दाम बिघडवतात. टॅव्हिसनेही बिघडवली होती आणि खोलीवर येऊन पोट धरधरून हसत मला सांगितले होते, “आधीच ढ ठरलो की नंतर डोकं फुटलं तरी कुणाला पत्ता लागत नाही.”

हे मी डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारले, “हे त्याने तुला सांगितलं. दुसऱ्या कुणाला?”

“नाही.”

“आणि तो बाहेर बसला तर खेळणार कोण?”

मी सांगितले, मी.

“मग मी काय करू, तूच सांग,” डॉक्टर म्हणाले. “तो म्हणतो डोकं दुखत नाही. कागद म्हणतो डोकं ठीक आहे. एकटा तू म्हणतोस की नाही. आणि तू कोण, तर तू.”

त्यानंतर मी ज्या ज्या माणसाकडे गेलो, त्या प्रत्येकाने फिरून हाच प्रश्न विचारला आहे. उत्तर दिले की संभाषण संपते.

५. मी कोच रेनफ्रो यांच्याकडे गेलो. त्यांच्याविषयी मला आदर आहे. ते स्वतः कॉलेजात असताना मोडलेल्या जबड्याने खेळले आहेत, तेव्हा दुखणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. त्यांनी दार लावून घेतले, मला बसवले आणि फार मायेने बोलले. म्हणूनच ते बोलणे जास्त लागले.

“पोरा,” ते म्हणाले, “तीन वर्षं कडेला उभं राहणं सोपं नसतं. तुला खेळायचंय, हे मला कळतं. खेळावंसं वाटणं हा गुन्हा नाही. पण असं नाही, बाळा. असं नाही.”

मी म्हटले, “कोच, तो मला हात हलवून दाखवत होता.”

“मैत्रीत हलवला असेल.”

“सामना चालू असताना?”

“हे बघ, मी त्याला समोर बसवून विचारलं, खेळणार का? तो म्हणाला, खेळणार. तो नाही म्हणाला असता तर मी एका शब्दाने बोललो नसतो. इथे कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही.”

जबरदस्ती कुणीच करत नाही हे अगदी खरे आहे, महोदया. सगळे फक्त त्यालाच विचारतात. येथे माझे नम्र मत मांडतो. घोटा मुरगळला तर खेळावे की नाही हे खेळाडूने ठरवावे, कारण ठरवणारे डोके शाबूत असते. येथे मार त्या डोक्यालाच लागलेला आहे. दारू प्यालेल्या माणसाला गाडी चालवशील का असे विचारायचे आणि तो हो म्हणाला म्हणून किल्ली त्याच्या हातात द्यायची, यात जेवढा विचार आहे तेवढाच यात आहे.

६. ही बातमी संघात कशी पसरली ते मला माहीत नाही, पण पसरली. आता मला कुणी लायल म्हणत नाही. सरावाला गेलो की ऑर्विल सर्वांदेखत कमरेत वाकतो आणि म्हणतो, “या, युवराज या! राजे अजून जिवंत आहेत, थोडं थांबावं लागेल.” मी त्याला एकट्याला गाठून विचारले, “तूच त्याला सगळे डाव सांगत होतास ना? मग बोल की कोचजवळ.” त्याने आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिले. मग म्हणाला, “मी त्याला फक्त आठवण करून दिली. तेवढं सगळेच विसरतात. माझं हे शेवटचं वर्ष आहे, लायल. मला बाद फेरी खेळायचीय. तू पुढच्या वर्षीही असशील.” त्या दिवशी त्याने मला लायल म्हटले याची नोंद घेतली, परंतु साक्ष मिळाली नाही.

७. दरम्यान टॅव्हिसची प्रकृती खालावत आहे. खोलीचे पडदे तो दिवसाही ओढून ठेवतो. वर्गात जाऊन येतो आणि त्याच वर्गाला जायला पुन्हा निघतो. एकदा त्याच्या पिकअपमधून किराणा आणायला निघालो होतो. चौकात हिरवा दिवा लागला तरी तो थांबूनच राहिला. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. मी म्हटले, “चल ना.” त्याने माझ्याकडे वळून अत्यंत सभ्यपणे विचारले, “आपण कुठे चाललो होतो?” त्यानंतर त्याच्या गाडीची किल्ली मी माझ्याकडे ठेवली आहे. तो ती मागत नाही. याचीच मला अधिक भीती वाटते.

त्या दिवशी मी त्याच्याशी सरळ बोललो. म्हटले, मी वरपर्यंत जाणार आहे. तो खाटेवर डोळ्यांवर हात ठेवून पडला होता. तसाच पडून म्हणाला, “तू बोललास तर मी सांगेन की तू खोटं बोलतोस. आणि सगळे माझंच ऐकतील. माहितेय ना?”

“माहितेय.”

“तुला जागा हवीय ना माझी? मग नीट माग की. डॉक्टरला कशाला मध्ये घेतोस?”

मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

८. मी डीनाबाईंना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “तरीच. परवा त्याने मला आमच्या कुत्रीची एकच गोष्ट एकाच फोनवर दोनदा सांगितली. मी म्हटलं दमला असेल.” त्या रडू लागल्या. मला वाटले, आता सुटलो. आईचे तर ऐकतील.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. आवाज वेगळा होता. त्यांनी कोचना फोन केला होता, आणि हे कळवणारा मुलगा संघात कोण आहे हे कोचनी त्यांना समजावून सांगितले होते. “लायल,” त्या म्हणाल्या, “तू आमच्या टेबलावर बसून जेवलायस रे.” एवढेच. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरे वाटले असते. फोन ठेवण्यापूर्वी मात्र त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “तू खरं बोलत असशील तर देव करो आणि तू खोटा निघो.” मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

९. यावर मला एकच मार्ग दिसला. मी लाभार्थी आहे म्हणून माझे खोटे ठरते, तर मी लाभार्थी राहूच नये. मी कोच रेनफ्रो यांच्याकडे जाऊन सांगितले की मी आजपासून संघ सोडतो, माझे कपाट रिकामे करतो, आता तरी त्याला बाहेरच्या डॉक्टरांकडे पाठवा.

कोच हसले नाहीत. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “तू गेलास की मागे कोण उरतं? पहिल्या वर्षाचा एक जण, त्याला निम्मे डावसुद्धा पाठ नाहीत. मग टॅव्हिसला एका पायावरही खेळावं लागेल, मध्ये एक श्वास घ्यायलाही बाहेर येता येणार नाही. त्याला विसावा मिळावा म्हणतोस आणि त्याचा एकुलता एक बदली काढून नेतोस? जा. कपाट पुन्हा लाव.”

महोदया, मी कपाट पुन्हा लावले. संघात राहिलो तर माझा शब्द खोटा ठरतो. संघ सोडला तर शब्द खरा ठरेल, पण टॅव्हिस मरेस्तोवर खेळेल. गप्प राहिलो तर मी त्याचा मित्र, आणि बोललो तर शत्रू. आणि तो ज्या दिवशी उठणार नाही त्या दिवशी मी मैदानात त्याच्या जागी उतरेन व लोक टाळ्या वाजवतील. मी हे सर्व बाजूंनी तपासून पाहिले आहे. मला यातून बाहेर पडण्याची वाट सापडलेली नाही, म्हणून हा अर्ज.

१०. गेल्या शनिवारी परगावच्या मैदानावर टॅव्हिस कुणाचाही धक्का न लागता पडला. मागे सरकताना गुडघ्यातून खाली बसला, एवढेच. कोचनी त्याला बाहेर घेतले आणि मला आत पाठवले. येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती वगळली तर हा अर्ज अर्धाच खरा राहील. मैदानात धावत जाताना मला आनंद झाला. गवताचा वास, दिव्यांचा उजेड, दहा माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि मला आनंद झाला. मी दोन चांगल्या फेकी केल्या. मग टॅव्हिस पाणी पिऊन परत आला आणि कोच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “दिली ना संधी? झालं ना समाधान? आता शांत राहा.”

मला खेळायचे आहे हे खरे आहे. टॅव्हिसचे डोके दुखावले आहे हेही खरे आहे. पहिले खरे असल्यामुळे दुसरे खोटे ठरत नाही, एवढी साधी गोष्ट मला या गावात एकाही माणसाच्या गळी उतरवता आली नाही. कोणत्याही संघात पहिल्याचे दुखणे सर्वांत आधी दुसऱ्यालाच दिसणार, कारण तोच त्याच्याकडे पाहत असतो. आणि दुसऱ्याचे कुणी कधीच ऐकणार नाही. तेव्हा जखमी क्वार्टरबॅकने खेळत राहावे की नाही हा निर्णय त्याच्यावर सोडू नये, कोचवर सोडू नये आणि माझ्यासारख्यावर तर मुळीच सोडू नये. ज्याला त्या शनिवारी जिंकण्या-हरण्याचे काही सोयरसुतक नाही अशा कुणाला तरी ‘नाही’ म्हणण्याचे पूर्ण अधिकार असावेत. असा माणूस मला या विद्यापीठात आपल्याखेरीज आठवला नाही.

११. सबब विनंती की,

(क) टॅव्हिस प्रूइट याची संघाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, आणि ती करताना उन्हाळ्यातला निकाल बाजूला ठेवावा;

(ख) तपासणी होईपर्यंत त्यास सरावालाही उतरवू नये;

(ग) या हंगामात त्याच्या जागी मला एकाही डावासाठी खेळवू नये. मी संघ सोडत नाही. गणवेश घालून कडेला उभा राहीन आणि जो कुणी खेळेल त्यास खुणा करीन. हा संघ पहिल्या वर्षाच्या मुलाला घेऊन हरला तर हरू द्यावा. माझ्या हमीपत्राची प्रत सोबत जोडली आहे. ते वाचून तरी माझा यात काय लाभ आहे हे कुणी मला दाखवून द्यावे.

१२. येथपर्यंतचा अर्ज मी काल लिहून पूर्ण केला होता. तथापि त्याच्याविषयीचा कागद त्याच्या पाठीमागे देणे मला बरे वाटले नाही, म्हणून आज दुपारी जेवणानंतर तो टॅव्हिससमोर ठेवला. मला वाटले फाडून टाकील.

त्याने सर्व वाचला. बराच वेळ लागला, कारण तो बोट ओळीखाली ठेवून वाचत होता आणि मधूनच डोळे मिटून घेत होता. कुत्रीच्या गोष्टीपाशी तो थांबला. “आईला मी दोनदा सांगितली?” त्याने विचारले. मी मान डोलावली. शेवटपर्यंत वाचून तो पुन्हा मागे चौकातल्या हिरव्या दिव्यापाशी आला आणि त्याने कागद खाली ठेवला.

“मला वाटायचं, माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही,” तो म्हणाला.

मी विचारले, “मग कोचना नाही का म्हणत नाहीस?”

“नाही म्हणता येत नाही रे.” तो फार सावकाश बोलत होता, एकेक शब्द हाताने उचलून ठेवावा तसा. “तोंड उघडलं की हो-च येतं. त्या कोठारावर माझा नंबर लावून ठेवलाय त्यांनी. ऑर्विलचं शेवटचं वर्ष आहे. कुणाच्या तोंडावर नाही म्हणू? दुसऱ्या कुणीतरी मला नाही म्हणायला हवं. मी भांडेन. शिव्या देईन. तुझ्याशी बोलणार नाही. तरी म्हणायला हवं.”

मी म्हटले, “मग इथे सही कर.”

त्याने पेन घेतले आणि माझ्या नावाखाली सही केली. वर स्वतःच्या हाताने लिहिले, ‘वरील सर्व खरे आहे.’ आम्ही दोघे थोडे हसलोसुद्धा. मला वाटते महिन्याभरात पहिल्यांदाच.

मग मी अंगावर कोट चढवू लागलो. तो खाटेवर बसूनच माझ्याकडे पाहत होता. टेबलावरच्या कागदाकडे बोट दाखवून त्याने विचारले, “काय लिहितोयस? अभ्यास का?”

१३. हा मजकूर मी आपल्या कार्यालयाबाहेर उभा राहून, भिंतीवर कागद टेकवून जोडत आहे, अक्षराबद्दल क्षमस्व. टॅव्हिसच्या सहीबाबत क्रीडा विभाग उद्या म्हणेल की तो त्या वेळी शुद्धीवर नव्हता, ती सही धरता येणार नाही. कृपया त्यांना तसे लेखी द्यायला सांगावे. सही करताना तो शुद्धीवर होता असे ते मानत असतील, तर आपल्याला थांबवावे असे खेळाडू स्वतः म्हणत आहे. तो शुद्धीवर नव्हता असे मानत असतील, तर मी ऑक्टोबरपासून दुसरे काहीच म्हणत नाही. दोहोंपैकी त्यांनी कोणतेही निवडावे. शनिवारी त्याला मैदानात पाठवण्याचे कारण मला तरी दोन्हींत सापडत नाही.

टॅव्हिस माझ्यासोबत आला आहे. तो आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसला आहे. उजेड डोळ्यांना लागतो म्हणून माझी टोपी त्याने पुढे ओढून घेतली आहे. कृपया त्यास आत बोलवावे व शक्य असल्यास खिडकीचा पडदा ओढावा. शब्द किंवा आकडे म्हणून दाखवायला सांगू नये. ते त्याने घोकून ठेवले आहेत आणि तो नक्की उत्तीर्ण होईल. आपण आज येथे कशासाठी आला आहात, एवढेच विचारावे, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबावे.

मी आत येणार नाही. मी समोर असलो की सगळे माझ्याकडेच पाहतात.

आपला विश्वासू, आणि तो मानो वा न मानो, त्याचा मित्र,

लायल हॅव्हरकँप
(तृतीय वर्ष, कृषी अर्थशास्त्र, क्वार्टरबॅक, दुसरा)

वरील सर्व खरे आहे.
टॅव्हिस प्रूइट

दिनांक : १४ नोव्हेंबर २०१९, गुरुवार
स्थळ : कॉर्विन बेंड

सोबत :
१) क्रीडा विभागाच्या उत्तराची प्रत.
२) या हंगामात न खेळण्याबाबत अर्जदाराचे हमीपत्र.
३) टॅव्हिसच्या पिकअपची किल्ली. ती त्याला परत द्यायची की नाही हे आपण ठरवावे. माझ्याजवळ ठेवणे आता योग्य दिसणार नाही.